फाट्यावरची पाटी

माळहट्टीच्या फाट्यावर जी पाटी आहे
ती मी रंगवली. आजवर पाच वेळा.
खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मक्तूम पेंटर' होतं,
ते उन्हानं खाल्लं.

गावाला डोंगर नाही, नदी नाही.
चारी बाजूंनी माळ, कुसळं, वारा.
चिकोडीची बस इतक्या लांबून दिसते
की धुरळा उठल्यावर चहा टाकावा,
प्यावा, कप विसळून पालथा घालावा,
आणि मग फाट्याकडं चालायला लागावं.

पहिल्यांदा पाटी मराठीत लिहिली.
रात्रीत तिच्यावर डांबर.
मग कन्नडात. बोलायला आईच्या मांडीवरच आलेलं,
अक्षरं मात्र ब्रशानं शिकवली.
तिच्यावरही डांबर.
लोकसंख्या ११०७ मधलं शून्य तेवढं
दर खेपेला शाबूत राहिलं.
शून्य दोन्हीकडं सारखंच निघतं,
कुणाच्या अंगावर येत नाही.

डांबर ओतणारा कोण, ते मला ठाऊक आहे.
डबा माझ्याकडनंच नेतो,
सकाळी घासून परत आणतो.

यंदा पंचायतीनं ठरवलं,
दोन्हीत लिहायचं, शेजारी शेजारी,
आणि आकडा ताजा घालायचा.
ताजा कुठनं आणू?
अध्यक्षीण बाई शेंगा फोडत होत्या.
"मोजून ये की," म्हणाल्या.

बाळाप्पा चौगुलेंचा एक ल्योक गोव्यात हॉटेलात,
एक उद्यमबागेत लेथवर,
एक लष्करात, कुठल्या बर्फात ते सांगायची बंदी.
"तिघांची ताटं फळीवर उभी हाईत," म्हातारा म्हणाला,
"धर तीन."
धरले.

रायव्वा म्हणाली, "मला दोन धर.
नवऱ्यासंगं कन्नड बोलते, म्हशीसंगं मराठी.
दोघांपैकी ऐकते ती म्हसच."

बस्तीच्या पायरीवर पद्मण्णा उपाध्ये बसलेले.
"माणसं मोजुलास का जीव?"
माणसं, म्हटलं.
"मग लौकर उरकंल," म्हणाले,
आणि मुंगी जाईपर्यंत पाय उचलून धरला.

दस्तगीर टेलरला निपाणीहून येऊन एकतीस वर्षं झाली.
वहीकडं बघत राहिला, विचारलं काहीच नाही.
निम्म्या गावाच्या कमरेची मापं
त्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलेली,
काही मापांची माणसं आता नाहीत.
मी त्याचं नाव जरा मोठं लिहिलं.

कुलपं नऊ.
कुलपाला काय विचारणार?
त्यातल्या एकाला कुणीतरी तेल घातलेलं,
बोटाला लागलं.
ते घर मी धरलं. चार माणसं.

डांबरवाल्यालाही धरलं.
त्यानं आत बोलावून ताक दिलं,
"ह्या खेपेला दोन्ही म्हणं?" एवढंच म्हणाला.
होय म्हटलं.
"मग डबा मोठा लागणार."
दोघंही हसलो. खरं सांगू तर
मला तितकं हसू आलं नव्हतं.

शेवटचं घर दुंडाप्पाचं.
दारात सुईण, चुलीवर पाणी,
आत कस्तुरी, तिचा आज की उद्या असा हिशेब.
आता आकडा काय लिहावा?

पाटी रंगवली. पिवळ्यावर काळं.
१०८ पक्क्या रंगानं, दोन्हीकडं,
आणि शेवटचा घर खडूनं: ४.
पोर झालं की पुसू, पाच करू.
कुणी गेलं तर तीन.
ऑइल पेंटला हे जमत नाही.

तिसऱ्या प्रहरी बस यायची वेळ,
धुरळा उठला, मी कप विसळत होतो.
रायव्वाची म्हस फाट्यावर आली,
पाटीला मान घासली, मग कूस,
डोळे मिटून, भरपूर वेळ.
आणि माळाकडं निघाली.

तिच्या काळ्या कुशीवर
पांढरा, उलटा चार.
कुठल्या लिपीतला,
ते लांबून कळेना.